हैदराबादच्या हवेत बियांपासून कार्नेशन

कार्नेशन हे थंड हवेचे फूल होय. निलगिरीचा डोंगराळ भाग, हिमाचल प्रदेशातील सोलन परिसर आणि पुणे व नाशिक भागांतील पॉलिहाऊस ही त्याच्या लागवडीची आपल्या देशातील परिचित ठिकाणे आहेत. हैदराबाद शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर दख्खनच्या पठारावर वसले असून, मे महिन्यात तेथील सरासरी कमाल तापमान ३९ ते ४० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. अशा ठिकाणी घरच्या कुंडीत, आणि तेही बियांपासून, कार्नेशन फुलविता येईल काय, असा प्रश्न हौशी मंडळी व शाळांतील शिक्षक वारंवार विचारीत असतात. त्याचे उत्तर होकारार्थी आहे. तथापि त्या होकारास एक अट जोडलेली आहे आणि ती अट खताची अथवा औषधाची नसून तारखेची आहे.

हैदराबादेत थंडीचे असे खरे महिने अडीच ते तीनच. डिसेंबर व जानेवारीत रात्रीचे सरासरी किमान तापमान १४ ते १५ अंशांपर्यंत उतरते व दुपारी ते २८ ते २९ अंशांपर्यंत चढते. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात ऊन तापू लागते. कार्नेशनला रात्री १० ते १३ अंश व दिवसा १८ ते २४ अंश तापमान सर्वांत मानवते. म्हणजे येथील उत्तम थंडीदेखील त्याच्या दृष्टीने जेमतेमच म्हणावी लागेल. बियांपासून वाढविलेल्या झाडाला पेरणीपासून फुलावर येण्यास साधारणत: पाच ते सहा महिने लागतात. हा हिशेब मार्चपासून मागे मोजीत गेल्यास पेरणीचा काळ ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा असा निघतो. इंग्रजी पुस्तकांत दिलेले वेळापत्रक युरोपातील वसंत ऋतूसाठी असते. उत्तर भारतातील मैदानी प्रदेशासाठी छापलेले 'सप्टेंबर–ऑक्टोबर' हेही येथे पुरेसे पडत नाही, कारण तेथील थंडी अधिक कडक असून अधिक काळ टिकते.

प्रस्तुत लेखकाने पहिल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर सवडीने बी पेरले होते. रोपे उत्तम आली, झाडे हिरवीगार झाली व कळ्या एप्रिलमध्ये धरल्या. त्या उमलल्या तेव्हा पाकळ्यांच्या कडा करपलेल्या होत्या व दोन दिवसांत फुले मिटून गेली. निगेत काहीच उणे नव्हते, फक्त पेरणीस सहा आठवड्यांचा उशीर झाला होता. पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ रोजी सत्तांतर झाले त्या वेळी लिस्बनच्या नागरिकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोवली व ती क्रांती त्याच फुलाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. लिस्बनमध्ये एप्रिलअखेर हे फूल बाजारात मुबलक असते. हैदराबादेत त्या सुमारास झाड जगविणेच कठीण जाते.

येथे दिलेला कालक्रम बीदर, लातूर व नांदेड या भागांतही थोड्याफार फरकाने लागू पडेल. मराठवाड्याचे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. राज्यांच्या सीमा बदलल्या तरी पठाराची हवा व माती यांत तेवढा फरक पडलेला नाही.

नाव व ओळख

कार्नेशनचे शास्त्रीय नाव डायंथस कॅरिओफायलस असे आहे. यातील 'डायंथस' हे नाव 'देवाचे फूल' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आले असून, 'कॅरिओफायलस' हे लवंगेच्या ग्रीक नावावरून आले आहे. जुन्या जातींच्या फुलांना लवंगेसारखा सुवास असतो. दोहोंमध्ये युजेनॉल हे एकच सुगंधी द्रव्य असल्यामुळे हे साम्य येते. अरबी भाषेतही लवंग व कार्नेशन या दोहोंना 'करनफुल' हा एकच शब्द आहे, आणि फारसीत दोहोंना 'मीखक', म्हणजे लहानसा खिळा, असे म्हणतात. ज्या शहरात फारसी व उर्दू शतकानुशतके नांदल्या, तेथे हे परदेशी फूल नावाने तरी अगदीच परके म्हणता येणार नाही. मूळ मात्र त्याचे भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशातील आहे.

बी विकत घेताना एक घोटाळा हमखास होतो. याच कुळातील डायंथस चायनेन्सिस हे हंगामी फूल बाजारात नुसत्या 'डायंथस' या नावाने विकले जाते, व काही विक्रेते कार्नेशन मागितले असता तेच पाकीट पुढे करतात. लेखकाला दुसऱ्या वर्षी हाच अनुभव आला. ते फूलही सुंदर असते, हैदराबादच्या हवेत अधिक सहजतेने येते व नवशिक्याने प्रथम तेच लावावे असे सुचविण्यास हरकत नाही. परंतु ते कार्नेशन नव्हे. रोपे दोन महिन्यांची झाली की फरक कळतो. कार्नेशनची पाने निळसर राखी रंगाची असून त्यांवर मेणासारखा पातळ थर असतो, व पानांची टोके मागे वळलेली दिसतात. डायंथस चायनेन्सिसची पाने साधी हिरवी असतात व फुलांना वास जवळजवळ नसतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. फुलवाल्याकडे पुष्पगुच्छात दिसणारी लांब देठाची, टपोरी कार्नेशने बियांपासून केलेली नसतात. हैदराबादेत ती बहुतांशी बाहेरच्या पॉलिहाऊसमधून येतात, व तेथील झाडे निवडक जातींच्या छाटकलमांपासून तयार केलेली असतात. एके काळी हैदराबादचा फुलांचा मोठा बाजार मोअज्जमजाही मार्केटजवळ जांबागेत, म्हणजे विवेकवर्धिनीसारख्या मराठी संस्थेच्या शेजारी, भरत असे. पुढे घाऊक बाजार गुडीमल्कापूर येथे गेला. त्या बाजारातील फुले पाहून काही तरुण शेतकरी पॉलिहाऊससाठी कर्ज काढण्याचा विचार करतात आणि प्रयोग म्हणून घरी बी पेरून पाहतात. कुंडीत फूल आले म्हणजे धंदा जमला, असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. घरच्या बियांच्या झाडाला येणारी फुले एकसारखी नसतात, देठ आखूड असतो व हंगाम सहा ते आठ आठवड्यांचा असतो. बाजाराला यांतील एकही गोष्ट चालत नाही. पॉलिहाऊसचा विचार करणाऱ्याने त्या शेतीचा स्वतंत्र हिशेब मांडावा. प्रस्तुत लेख घराच्या व शाळेच्या अंगणापुरताच आहे.

बियांपासून करण्यास योग्य असे दोन वर्ग सर्वत्र मिळतात. फ्रान्समध्ये तयार झालेला शाबो वर्ग हा भरगच्च पाकळ्यांचा, सुवासिक व दीड ते दोन फूट उंचीचा आहे. मार्गारेट वर्ग आकाराने लहान असून थोडा लवकर, म्हणजे चार ते पाच महिन्यांत, फुलतो. ज्यांची पेरणी लांबली असेल त्यांनी मार्गारेट निवडावा. ग्रेनाडिन नावाचा वर्ग थंड देशांत दुसऱ्या वर्षी फुलतो. आपल्याकडे त्याच्या वाट्याला जाऊ नये, कारण मधला उन्हाळा तो ओलांडीत नाही.

मातीची तयारी

ही तयारी पेरणीच्या आधी चार महिने सुरू होते. ज्या उन्हाने कार्नेशन मरते त्याच उन्हाचा उपयोग येथे करून घ्यावयाचा आहे. एप्रिल–मे महिन्यांत वाफ्याची अथवा कुंड्यांत भरावयाची माती एक वीतभर जाडीने पसरून ओली करावी. तीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणून बसवावा व कडा मातीने दाबून टाकाव्यात. चार ते सहा आठवड्यांत आतील माती इतकी तापते की मर रोगाच्या बुरशीचा, सूत्रकृमींचा व तणांच्या बियांचा मोठा भाग नष्ट होतो. काळा कागद वापरू नये. त्याखाली माती तितकी तापत नाही. ज्यांच्याजवळ जागा थोडी आहे त्यांनी निदान परळात भरावयाच्या मातीवर उकळते पाणी ओतून ती निवू द्यावी.

हैदराबादच्या आसपास ग्रॅनाइट खडकापासून झालेली तांबडी, वालुकामय जमीन आढळते. तिला तेलुगूत 'चलका' म्हणतात. हिच्यातून पाण्याचा निचरा चांगला होतो व तिचा सामू बहुधा ६ ते ७ च्या जवळपास असतो, म्हणून कार्नेशनसाठी ती सोईची पडते. शहराच्या पश्चिमेस व मराठवाड्यात मात्र काळी जमीन लागते. ती पाणी धरून ठेवते व तिचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ असतो. काळ्या मातीत कार्नेशन लावण्याचा हट्ट धरू नये; चार पाट्या तांबडी माती बाहेरून आणणे स्वस्त पडते. दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत अथवा पालापाचोळ्याचे खत आणि एक भाग नदीची जाड वाळू असे मिश्रण करावे. दहा इंची कुंडीस एक मूठ हाडांचे खत मिसळल्यास झाडास चुन्याचा पुरवठा होतो. चुलीतील राख टाकण्याची पद्धत आपल्या घरांतून रूढ आहे. बोअरवेलच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या कुंडीत ती टाकू नये, कारण सामू आधीच चढता असतो.

पेरणी

कार्नेशनचे बी काळे, चपटे व कागदाच्या कपच्यासारखे असते. एका ग्रॅममध्ये ते सुमारे पाचशे भरते. घरच्या बागेला चाळीस-पन्नास बिया पुरेशा होत. पाकिटावरील चाचणीची तारीख अवश्य पाहावी. कोरड्या व थंड जागी हे बी तीन ते चार वर्षे टिकते. परंतु दुकानाच्या पत्र्याच्या छपराखाली एक उन्हाळा काढलेल्या बियांचा भरवसा धरता येत नाही. म्हणून पेरणीपूर्वी दहा दिवस वीस बिया ओल्या टीपकागदात अथवा स्वच्छ धुतलेल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात. दहा दिवसांत बारा-चौदा बिया उगवल्या तर बी पेरण्याजोगे आहे. पाच-सहाच उगवल्या तर दुप्पट बी पेरावे किंवा नवे आणावे. शाळेत हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घेता येतो. मात्र तो ऑगस्टच्या मध्यास करावा, म्हणजे निष्कर्षाचा उपयोग त्याच हंगामात होतो.

बी उगविण्यास १८ ते २२ अंश तापमान उत्तम. सप्टेंबरात हैदराबादेत दुपारी ३० अंशांपर्यंत उष्णता असते, व पुष्कळांचे बी येथेच फसते. यावर उपाय घरातच आहे. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने मातीचे परळही गार राहू शकते. बुडाला छिद्रे पाडलेले, न रंगविलेले मातीचे परळ घ्यावे व ते ओल्या वाळूने भरलेल्या घमेल्यात बसवावे. वाळू सतत ओली ठेवावी. परळाच्या भिंतीतून पाणी झिरपून उडत राहते व आतील माती बाहेरच्या हवेपेक्षा थंड राहते. शिवाय छिद्रांतून ओलावा खालून वर चढत असल्याने झारीने पाणी घालण्याची गरजही कमी पडते. परळ उत्तरेकडील ओसरीवर किंवा पडवीत ठेवावे. प्लॅस्टिकचे ट्रे वापरणाऱ्यांना हा लाभ मिळत नाही.

बी ओळीत, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर विरळ टाकावे व त्यावर चाळलेल्या मातीचा सुमारे तीन मिलिमीटरचा थर द्यावा. यापेक्षा खोल गेलेले बी बहुधा वर येत नाही. सात ते दहा दिवसांत कोंब दिसू लागतात. कोंब दिसताच परळ उजेडात, परंतु दुपारच्या उन्हापासून दूर न्यावे. अंधारात राहिलेली रोपे लांबट व लुळी होतात व पुढे कितीही खत दिले तरी ती सुधारत नाहीत.

या अवस्थेत मोठा शत्रू म्हणजे रोपे कोलमडण्याचा रोग. जमिनीलगत देठ पाणावल्यासारखा होऊन रोप आडवे पडते व एका रात्रीत निम्मे परळ जाते. दाट पेरणी व जास्त पाणी ही त्याची कारणे आहेत. पाणी सकाळीच द्यावे. रोग दिसताच बाधित रोपे भोवतालच्या मातीसह काढून टाकावीत व उरलेल्यांना एक लिटर पाण्यात तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून ते द्रावण मुळाशी द्यावे. मातीत आधीच ट्रायकोडर्मा मिसळले असल्यास ही पाळी सहसा येत नाही. मात्र ट्रायकोडर्मा मिसळलेल्या मातीत हे ताम्रयुक्त औषध लगोलग ओतू नये. जुन्या पुस्तकांतून बागेत सरसकट बी.एच.सी. भुकटी धुरळण्याची शिफारस आढळते. त्या भुकटीवर आपल्या देशात १९९७ पासून बंदी असून कोणाच्या माळ्यावर जुना डबा पडून असल्यास तो वापरू नये.

आणखी एक धोका आभाळाचा आहे. हैदराबादेत वर्षाकाठी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा बराचसा भाग जून ते सप्टेंबरात येतो. परंतु ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या पट्ट्यामुळे एखाद्या दिवशी जे कोसळते ते वेगळेच. १३ ऑक्टोबर २०२० रोजी झालेल्या अतिवृष्टीत शहराचे कितीतरी भाग पाण्याखाली गेले होते. तेथे कोवळ्या रोपांची काय कथा! यास्तव ऑक्टोबर संपेपर्यंत रोपे वळचणीखाली किंवा छपराखालीच असावीत, व अंगणातील वाफ्यात लावणी करावयाची झाल्यास वाफा वीतभर उंच करावा.

लावणी व निगा

रोपांना खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या, म्हणजे साधारणत: चार आठवडे झाले, की ती एकेक करून कागदी पेल्यांत अथवा लहान कुंड्यांत हलवावीत. आणखी तीन आठवड्यांनी, ऑक्टोबरअखेर, ती कायमच्या जागी जावीत. दहा इंची कुंडीत एक किंवा फार तर दोन रोपे लावावीत. वाफ्यात दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर राखावे. एक सूचना नीट ध्यानात ठेवावी. रोप पेल्यात जितके खोल होते तितकेच, किंबहुना किंचित वरच, लावावे. मिरची-वांग्याच्या रोपाप्रमाणे देठ मातीत दाबण्याची सवय येथे घातक ठरते. मातीत गेलेला देठ कुजतो.

कुंड्यांसाठी पूर्वेकडील जागा निवडावी. सकाळपासून दुपारी एकपर्यंतचे ऊन व पुढे सावली, असे असल्यास फार चांगले. काचीगुडा, बरकतपुरा या भागांतील जुन्या घरांना अंगणे होती. आता बहुतेकांना सदनिकेच्या सज्जावर किंवा गच्चीवर भागवावे लागते. गच्चीचा स्लॅब दुपारी तापतो व कुंडीचे बूड भाजून काढतो. म्हणून कुंड्या विटांवर, किंवा त्याहून बरे म्हणजे ओल्या गोणपाटावर ठेवाव्यात.

झाडाला पानांच्या पाच-सहा जोड्या आल्यावर शेंडा खुडतात. त्यामुळे बाजूच्या चार-पाच फांद्या फुटून फुले अधिक येतात. परंतु शेंडा खुडल्याने फूल तीन-चार आठवडे लांबते, हे सांगण्यास पुष्कळ लेखक विसरतात. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पेरलेल्या झाडांचा शेंडा नोव्हेंबरात अवश्य खुडावा. त्यानंतर पेरलेल्या झाडांचा खुडू नये. एका फांदीवर फेब्रुवारीत आलेली चार फुले, पाच फांद्यांवर एप्रिलमध्ये करपणाऱ्या वीस कळ्यांपेक्षा बरी.

कार्नेशन हे दीर्घदिनी प्रवृत्तीचे झाड आहे, म्हणजे दिवस मोठा असल्यास ते लवकर कळी धरते. आपल्या थंडीत दिवस लहान असल्याने कळी धरण्यास थोडा विलंब होतो. पॉलिहाऊसमध्ये यासाठी रात्री दिवे लावतात. घरी त्याची गरज नाही. पेरणी वेळेवर करणे हाच त्यावरील स्वस्त उपाय आहे.

पाणी एक दिवसाआड किंवा वरची माती कोरडी झाल्यावरच द्यावे. मातीत बोट खुपसून पाहण्याची सवय ठेवली म्हणजे नियम पाठ करण्याची आवश्यकता उरत नाही. पाने भिजवू नयेत. लावणीनंतर तीन आठवड्यांनी, दर पंधरा दिवसांनी, शेणखत पाण्यात चार दिवस भिजवून, गाळून व फिकट चहाच्या रंगाइतके पातळ करून द्यावे. तसे जमत नसल्यास १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात द्यावे. कळ्या दिसू लागल्यावर नत्र कमी करून त्याच प्रमाणात १३:०:४५ द्यावे. युरियाचे दाणे कुंडीत टाकण्याचा मोह आवरावा. त्याने झाड माजते, देठ मऊ पडतो व फूल मान टाकते.

देठ मुळातच नाजूक असल्यामुळे डिसेंबरातच बांबूच्या कामट्या रोवून दर वीतभर उंचीवर सुतळीचे सैल वेढे द्यावेत. झाड कलंडल्यावर आधार देणे व्यर्थ होय, कारण तोवर देठ वाकडा वाढलेला असतो.

किडींमध्ये लाल कोळी सर्वांत त्रासदायक. फेब्रुवारीत हवा कोरडी होताच पानांच्या खालच्या बाजूस ते दिसू लागतात व पाने फिकट, धुळकट होतात. अशा वेळी दोन-तीन सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारावा; पाने न भिजविण्याच्या नियमाला एवढाच अपवाद. नंतर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. मावा व फुलकिडे यांवरही तोच उपयोगी पडतो. घाटे अळी कळीला भोक पाडून आत शिरते. ती हाताने वेचणे उत्तम. मर रोगाने झाडाची एक बाजू पिवळी पडून सुकू लागल्यास ते झाड मातीसकट काढून टाकावे. त्यावर औषध शोधण्यात दिवस घालविल्यास शेजारची झाडेही जातात.

कळी मोठी झाल्यावर काही वेळा तिचा हिरवा पुष्पकोश एका बाजूने फाटतो व पाकळ्या ओघळतात. दिवस व रात्र यांच्या तापमानातील मोठा फरक हे त्याचे मुख्य कारण, आणि हैदराबादेत हा फरक थंडीत १४ अंशांपर्यंत असतो. बोरॉनची कमतरता हे दुसरे कारण आहे. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम बोरॅक्स मिसळून कळ्या लहान असताना एकदा फवारल्यास त्यास आळा बसतो. याहून अधिक प्रमाणात बोरॅक्स झाडास विषासमान आहे. फुगलेल्या कळीला बारीक रबरी कडे चढविण्याची जुनी युक्तीही चांगली चालते.

फुले सारखी का येत नाहीत

पहिली फुले उमलली की बहुतेकांचा थोडा विरस होतो. पाकिटावरील चित्र भरगच्च फुलाचे असते. प्रत्यक्षात काही झाडांना तशी फुले येतात, काहींना केवळ पाच पाकळ्यांची एकेरी फुले येतात व एखाद्या झाडाच्या फुलात पाकळ्यांची इतकी गर्दी होते की ते फुलता फुलता फाटते. विक्रेत्याने भेसळ केली असा संशय येथे घेतला जातो. बहुधा तो खरा नसतो. शिक्षकांसाठी ही अनुवंशशास्त्राच्या पाठाची आयतीच संधी आहे.

कार्नेशनमधील दुहेरीपणा मुख्यत: एका जनुकावर अवलंबून असतो. त्या जनुकाचे 'दुहेरी' व 'एकेरी' असे दोन प्रकार असून झाडाला त्यांतील एक मातेकडून व एक पित्याकडून मिळतो. दोन्ही 'एकेरी' मिळाल्यास पाच पाकळ्यांचे फूल येते. एक 'दुहेरी' व एक 'एकेरी' मिळाल्यास आपल्याला हवे असलेले सुबक भरगच्च फूल येते. दोन्ही 'दुहेरी' मिळाल्यास अतिभरगच्च, फाटणारे फूल येते. सुबक फुलाच्या झाडाला स्वत:च्याच परागांनी बी धरले, तर त्याच्या संततीत एकेरी, सुबक व अतिभरगच्च यांचे प्रमाण मेंडेलच्या नियमाप्रमाणे १:२:१ असे अपेक्षित असते. म्हणजे उत्तम झाडाचे घरचे बी पेरले तरी चारांत एक झाड एकेरी निघणारच. छाटकलमाने ही अडचण टळते, आणि पॉलिहाऊसवाले कलमेच का लावतात याचे उत्तरही येथेच मिळते.

याच कुळाच्या नावावर वनस्पतिशास्त्रातील एक मान जमा आहे. लंडन येथील रोपवाटिकेचा मालक थॉमस फेअरचाइल्ड याने १७१७ साली कार्नेशन व स्वीट विल्यम या दोन जातींचा हेतुत: संकर घडवून आणला. माणसाने बुद्ध्या केलेला व नोंदलेला हा पहिला वनस्पती-संकर मानला जातो. त्या झाडाला बी धरत नसे, म्हणून लोक त्याला 'फेअरचाइल्डचे खेचर' म्हणू लागले. मेंडेलचा निबंध प्रसिद्ध होण्यास त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे अवकाश होता.

एकेरी फुलांचा राग मानू नये. सुवास त्यांनाही असतो व बी तर त्यांनाच अधिक धरते, कारण भरगच्च फुलांत पुंकेसरांच्या बहुतेक पाकळ्याच झालेल्या असतात.

फुले काढणे व बी राखणे

फुले अर्धी उमलली असता सकाळी लवकर काढावीत. देठ दोन गाठींच्या मध्ये कापावा; गाठीवर कापल्यास तो पाणी नीट ओढीत नाही. फुलदाणीतील पाण्यात लिटरला चार चमचे साखर व लिंबाचे काही थेंब घालून ते दर दोन दिवसांनी बदलल्यास फुले सात-आठ दिवस सहज राहतात. फुलदाणी कोठे ठेवावी हेही महत्त्वाचे आहे. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो व त्याचा परिणाम कार्नेशनवर फार त्वरित होतो. केळी, चिकू वा पपईच्या टोपलीशेजारी रात्रभर राहिलेले ताजे फूल सकाळी पाकळ्या आत मिटून झोपी गेल्यासारखे दिसते व पुन्हा उमलत नाही. देवघरात नैवेद्याच्या फळांजवळ ठेवलेली फुले लवकर का कोमेजतात, याचेही कारण पुष्कळदा हेच असते.

फुलांचा बहर ओसरल्यावर झाड उन्हाळ्यातून पार नेण्याचा प्रयत्न करावा काय? अनुभव असा की दहांत एखादेच झाड जगते व तेही पुढे रोगट राहते. एखाद्या झाडाचे फूल विशेष आवडले असल्यास फेब्रुवारीतच, उष्मा वाढण्याआधी, त्याच्या खालच्या भागातील न फुललेल्या फुटव्यांची बोटभर छाटकलमे घेऊन ओल्या वाळूत सावलीत लावून पाहावीत. त्यांतील दोन-तीन तगली तरी पुष्कळ झाले. अधिक माहितीसाठी हैदराबादकरांनी नामपल्ली येथील बाग-ए-आमच्या आवारातील उद्यान विभागाच्या कार्यालयात विचारणा करावी. निजामांच्या राजवटीत १८४६ साली उभारलेली ही बाग शहरातील सर्वांत जुन्या उद्यानांपैकी एक आहे, व थंडीत तेथील हंगामी फुलांचे वाफे पाहिले तरी आपल्या कुंडीची पेरणी वेळेवर झाली होती की नाही याचा अंदाज येतो.

बी राखावयाचे असल्यास प्रत्येक आवडत्या झाडावर दोन-तीन फुले न काढता तशीच ठेवावीत. पाकळ्या वाळल्यावर त्या हलक्या हाताने ओढून काढाव्यात, नाहीतर त्यांत ओल धरून बोंड कुजते. पाच ते आठ आठवड्यांत बोंड पिवळट तपकिरी होते व त्याचे टोक चार दातांनी उघडू लागते. त्याच वेळी ते खुडावे. एका दिवसाचा विलंब झाल्यास एप्रिलच्या वाऱ्याने बी उधळून जाते. बोंडे सावलीत कागदावर आठवडाभर वाळवावीत व बी पाखडून कोरड्या बाटलीत भरावे. बाटलीच्या तळाशी तव्यावर कोरडे भाजून गार केलेले मूठभर तांदूळ फडक्यात बांधून ठेवल्यास ओल शोषली जाते. बाटलीवर वर्ग, फुलाचा रंग, ते एकेरी की भरगच्च, आणि बी धरल्याची तारीख लिहावी, व ती ऑगस्टपर्यंत घरातील सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगतच्या फडताळात ठेवावी.